सहा पुस्तकांचा थांबा

मी वाचनालयाची गाडी चालवते,
इनारीच्या वर, जिथे रस्ता रेनडिअरांना विचारून वळतो.
नोव्हेंबर सरला की सूर्य रजेवर जातो
तो जानेवारीत केव्हातरी, अर्धाच, कामावर येतो.
मधले दिवस मी हेडलाइटच्या दोन काठ्या
टेकत टेकत पुढे सरकते.

एकतिसाव्या किलोमीटरला टपालपेटी,
पेटीवर बरणी, बरणीत मेणबत्ती,
शेजारी एल्यास, भुवयांसकट पांढरा.
"आलात," म्हणायचा, दर वेळी.
विचारल्यासारखं नाही.
हिशेब जुळल्यावर माणूस म्हणतो ना, तसं.

नियम असा, की थांब्यावर सहा पुस्तकं गेली नाहीत
तर वसंतात थांबा कागदावरून पुसतात.
एल्यास मोजून सहा न्यायचा.
मधमाश्या. जहाजांची इंजिनं. पोर्तुगालचा इतिहास.
एकदा बाळंतिणीची काळजी.
मी म्हटलं, आवड दांडगी आहे तुमची.
म्हणाला, जाड बघून द्या.

मग एकदा परत आलेल्या पुस्तकात
मीच ठेवलेली पावती, त्याच पानावर.
दुसऱ्याची पानं अजून एकमेकांना चिकटलेली.
तिसरं त्याने उलटं धरून माझ्यापुढे केलं,
"हे छान होतं."
तेव्हा कुठे त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं मी.
ते माझ्या खांद्याच्या जरा पलीकडे
कुणाशी तरी बोलत होते.

मी काही बोलले नाही.
पुढचे दहा किलोमीटर रेडिओही लावला नाही.

उमगायला फेब्रुवारी उजाडला.
पलीकडच्या घरातली वेन्ला, नऊ वर्षांची,
एका वेळी एकच पुस्तक नेते,
आणि तेही पुरवून पुरवून वाचते.
एकावर थांबा टिकत नाही.
पोरीला यातलं काही माहीत नाही. अजूनही.

चर्चशी माझं फारसं जमत नाही.
आईच्या दफनाला गेले होते, तेवढंच.
पाद्री दुकानात भेटले की विचारतात, विश्वास आहे ना?
मी बटाटे निवडत राहते.
न दिसणाऱ्यावर कसा ठेवतात, कुणी दाखवलं नव्हतं.
आणि हा माणूस
न दिसणारी अक्षरं काखेत मारून
गुडघाभर बर्फातून घरी नेत होता,
पंधरा दिवस ओल लागू देत नव्हता,
जशीच्या तशी परत आणत होता.

मी दहा मिनिटांचा थांबा वीसचा केला.
थर्मासमधली कॉफी दोन कपांत,
आणि मधमाश्या, पान एकपासून, मोठ्याने.
ऐकताना तो हातमोजे काढून मांडीवर ठेवायचा.
राणीमाशीच्या प्रकरणाशी म्हणाला,
"बापरे. हे सगळं माझ्या घरात होतं?"

यंदा पुतणीने त्याला इवालोला नेलं,
जिथे दारांना उंबरे नसतात आणि जेवण साडेचारला.
टपालपेटीवर बरणी होती. मेणबत्ती नव्हती.
वेन्ला आली, एक पुस्तक घेऊन गेली.
मी यंत्रावर एल्यासचं कार्ड टेकवलं.
एक. दोन. सहापर्यंत.
खोटं होतं, कबूल.
रात्रभर ते सहाही ड्रायव्हरच्या सीटमागे
उघड्या डोळ्यांनी बसून होते.

शनिवारी ते घेऊन सत्तर किलोमीटर खाली गेले,
म्हणजे निदान खोटं तरी उरू नये.

"आलात," तो म्हणाला.
मग, "मेणबत्ती कोण लावतं?"
कुणी नाही, मी म्हटलं.
बराच वेळ त्याची बोटं पुस्तकाच्या कण्यावरून फिरत राहिली.
"मग अंधारात तुम्हाला थांबा सापडला कसा?"

मला उत्तर आलं नाही.
मी जहाजांची इंजिनं काढली,
खुर्ची जवळ ओढली,
प्रकरण पहिलं.